मनासारखा लाल: विडा, कुंकू आणि लिपस्टिक

१/ आरशापुढची तरुणी आज मनःस्थितीनुसार लाल छटा निवडते: उत्साहाला भडक, निवांतपणाला विटकरी, समारंभाला किरमिजी. निवड क्षुल्लक वाटते. परंतु स्त्रीने लाल रंग केव्हा धारण करावा, हे महाराष्ट्रात दीर्घकाळ तिच्या मनावर सोपवलेले नव्हते. त्या इतिहासाविषयी हा थ्रेड. 🧵

२/ लिपस्टिकपूर्वी ओठ रंगत ते विड्याने. पोफळीच्या बागांच्या कोकणात विडा हा घरोघरीचा उपचार. पान हिरवे, चुना पांढरा, कात तपकिरी. लाल त्यांत कोठेच नसतो. कात-सुपारीतील द्रव्ये चुन्याशी एकत्र आली की तो तोंडात उमटतो.

३/ कुंकवाचेही तसेच. हळदीतील कुरकुमिन अल्कलीच्या सहवासात पिवळे न राहता लाल होते. कपाळी आधी मेण, त्यावर कुंकू, ही जुनी रीत. गोल, आडवी चिरी की चंद्रकोर, एवढा निवडीला वाव होता.

४/ हा वाव सधवेपुरता. धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी विधवेला तांबूल वर्ज्य ठरवला; पतीनिधनाबरोबर कुंकू पुसले जाई. ब्राह्मणांत केशवपनही होते. अनेक जातींत मात्र ‘पाट’ लावण्याची मुभा होती. तेथे कुंकू परतण्याची वाट खुली असे.

५/ १८९३ साली मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या मूळच्या देवरुखच्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा. मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. एका कपाळावर परतलेल्या कुंकवाची ती किंमत होती.

६/ १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका शांता आपटे. फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मनाने स्वीकारत नाही. लादलेल्या कुंकवाला अर्थ काय, हा प्रश्न चित्रपटाने घराघरांत नेला.

७/ लिपस्टिक म्हणजे आपोआप स्वातंत्र्य, असेही नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलातील स्त्रियांच्या लिपस्टिकची छटा टोपीवरील लाल दोरीशी जुळणे अपेक्षित होते. तेथे शास्त्राऐवजी गणवेशाचा नियम होता.

८/ १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने मुंबईत ‘लॅक्मे’ सुरू केली. देलिबच्या ऑपेरावरून घेतलेले हे नाव ‘लक्ष्मी’चेच फ्रेंच रूप. समाजाने लिपस्टिकलाही नावे ठेवली. तरी कुंकवासारखा तिचा संबंध पतीच्या असण्या-नसण्याशी जोडला गेला नाही. हा फरक मोठा होता.

९/ वैभववाडीहून करूळ घाट चढला की गगनबावडा, पुढे कोल्हापूर आणि पूर्वेला शिरोळ तालुक्यातील हेरवाड. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने पतीनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

१०/ कर्व्यांच्या विवाहापासून या ठरावापर्यंत १२९ वर्षे गेली. ठराव झाला, म्हणून प्रथा एका दिवसात संपत नाही. शेजारच्या घरात पतीनिधनानंतर एखादी स्त्री पूर्वीसारखीच टिकली लावून हळदीकुंकवाला आली, तर तिला प्रथम कुंकू कोण लावेल? इतिहासाचे पुढचे पान तेथे लिहिले जाईल.