पोवळं पाळावं कोणी?

मुळशी तालुक्यात काय नाही? आंबेमोहोर आहे, धरण आहे, धुकं आहे, पावसाळ्यात छत्री उलटी करणारा वारा आहे आणि रविवारी हे सगळं पाहायला येणाऱ्या पुणेकरांच्या मोटारींची रांगही आहे. नाही तो फक्त समुद्र. ताम्हिणीच्या घाटात तालुका संपतो. पुढं कोकण लागतं आणि समुद्र त्याच्या वाट्याला जातो. ही वाटणी खुद्द सह्याद्रीनं केलेली असल्यामुळं तिच्याविरुद्ध अजून कोणी दिवाणी दावा लावलेला नाही.

पण जे वाट्याला आलेलं नाही तेच माणसाला दिवाणखान्यात हवं असतं. माझा एक भाचा हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर राहतो. (हिंजवडी मुळशी तालुक्यात मोडते, हे तिथल्या बऱ्याच लोकांना कचेरीचं काम निघालं म्हणजेच समजतं.) गोड्या पाण्यातले मासे त्याला आता फार ‘कॉमन’ वाटू लागलेत. त्याला खाऱ्या पाण्याची पेटी हवी आहे आणि तीत जिवंत प्रवाळ. “मामा, नवशिक्यानं कुठलं घ्यावं? चिवट पाहिजे हं, मरायला नको.” बँकेत चोवीस वर्षं टिकलेल्या माणसाला चिवटपणातलं कळत असणार, असा त्याचा हिशेब. मी पडलो कॉमर्सचा. धंद्यात शिरण्यापूर्वी मागचे ताळेबंद पाहावेत, एवढं मला शिकवलेलं आहे. तेव्हा पोवळ्याचे मागचे ताळेबंद काढून बसलो.

या वहीत आपल्या नावाची नोंद फार जुनी निघाली. प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय, की रोमन बायकांना हिंदुस्थानी मोत्यांचं जेवढं वेड तेवढंच हिंदुस्थानी पुरुषांना पोवळ्यांचं. भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या त्याच काळातल्या यादीतही पोवळं आहे. तांबडं पोवळं भूमध्य समुद्रातलं. म्हणजे मंगळ आपल्या पत्रिकेत वक्री व्हायचा आणि त्याचा उतारा इटलीकडून जहाजानं यायचा. आयात-निर्यातीचं हे खातं दोन हजार वर्षं बंद झालेलं नाही. फक्त जहाजाच्या जागी ज्योतिषीबुवांच्या ओळखीचा सराफ आला.

मात्र बोटात घातलेली ही वस्तू दगड की झाड की प्राणी, हे कित्येक शतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. १७२० च्या सुमारास पेसोनेल नावाचा मार्सेयचा एक डॉक्टर पोवळ्याची ‘फुलं’ भांड्यातल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहत बसला आणि म्हणाला, ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या अकादमीत रेओम्यूर या बड्या शास्त्रज्ञानं ही माहिती वाचून दाखवली, पण डॉक्टरचं नाव गाळलं. का, तर इतकी हास्यास्पद गोष्ट म्हटल्याबद्दल गरिबाची बदनामी नको! वीसेक वर्षांनी डॉक्टरचंच खरं ठरलं. चूक असताना नाव गाळतात आणि बरोबर निघाल्यावर ते घालायला विसरतात, ही कचेरीतली पद्धत इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

प्राणी म्हटल्यावर तो पाळावा, हे ओघानंच आलं. हा मान ॲना थिन या इंग्रज बाईंचा. यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठे धर्माधिकारी. १८४६ साली या बाई टॉर्की गावच्या समुद्रकाठी गेल्या आणि तिथली काही जिवंत खडी प्रवाळं लंडनला घेऊन आल्या. वाटेत हिंदकळू नयेत म्हणून सुई-दोऱ्यानं त्यांनी ती स्पंजावर टाचली होती. घरी काचेच्या भांड्यांत ठेवली. समुद्राचं पाणी बाहेरून मागवायचं, ते पुरेना. मग त्यांनी तोड काढली: मोलकरणीनं रोज उघड्या खिडकीपाशी उभं राहून तेच पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. पुढं त्यांनी भांड्यात समुद्री शेवाळ सोडलं, आणि प्रवाळं लंडनसारख्या शहरात वर्षानुवर्षं जगली. बाईंनी हे १८५९ साली छापलं. काम दमवणारं खरं, पण पोरीला त्यात गंमतच वाटायची, असंही त्या लिहितात. फायलींचे गठ्ठे तिसऱ्या मजल्यावर चढवताना शिपायाला गंमत वाटते, असं आमच्या एका साहेबांचंही मत होतं. शिपायाचं मत कोणी नोंदवलं नाही. त्या पोरीचंही नाही. तिचं तर नावसुद्धा नाही.

त्यानंतर फिलिप गॉस आले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर निघालं, त्यात त्यांचा हात होता. पुढच्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहून ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोचवला आणि चार क्षार मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी करायची कृतीही देऊन टाकली. झालं! लोक टोपल्या आणि हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. खडकांमधली जी डबकी जिवांनी गजबजलेली होती, ती ओकीबोकी झाली. त्याबद्दलची हळहळ त्यांच्याच मुलानं, एडमंडनं, १९०७ सालच्या पुस्तकात व्यक्त केली. बापानं लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवलं. ते प्रेम टोपलीत भरून न्यायचं नसतं, हे शिकवायचं राहून गेलं.

१९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जीव वसलेले खडक तसेच पेटीत ठेवून, हवेचे बुडबुडे सोडून प्रवाळं जगवण्याची आपली रीत छापली. आजच्या हौशी पेट्यांत असे खडक असतात.

आता भाच्याचा प्रश्न. चिवट कुठली? तर मऊ अंगाची. मश्रूम प्रवाळ, चामडी प्रवाळ, हिरवे स्टार पॉलिप, झेनिया आणि बटणांच्या गुच्छासारखे झोअँथिड. ही मंडळी दगडी हाडं बांधत नाहीत, म्हणून त्यांना चुना थोडा लागतो. उजेड कमी चालतो, पाणी जरासं गढुळलं तरी ती लगेच रुसत नाहीत. बरीचशी प्रवाळं भागीदारीतली पेढी चालवतात. अंगात सूक्ष्म शैवाल राहायला असतं. जागा प्रवाळाची, स्वयंपाक शैवालाचा. अन्नाचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा हा भागीदारच पुरवतो. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. दिवाळखोरीचा रंग पांढरा असतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

चिवटांचंही सगळं गोड नाही. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते १९७१ साली हवाईत वेगळं काढलं. दिवाणखान्यात ठेवायचं आणि हाताळताना हातमोजे घालायचे, अशी ही शोभेची वस्तू! शिवाय खर्चाची बाजू पाहा. दोनशे लिटरची पेटी म्हणजे लिटरला पस्तीस ग्रॅम धरून सात किलो मीठ. तेही खास समुद्री मिश्रण, स्वयंपाकघरातलं नव्हे. प्रवाळ सोडण्यापूर्वी महिनाभर पेटी नुसतीच चालवायची, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर. वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भरपाई रोज, आणि ती गोड्या पाण्यानं, कारण मीठ मागंच राहतं. आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचं. पंप अहोरात्र चालू. म्हणजे चिवट कोणी असायला हवं, ते लक्षात आलंच असेल.

शिवाय सरकार आहे. खडी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या पंगतीला बसवलेलं आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं. खरी चिवट प्रवाळं पाहायची तर ती मालवणला आहेत. महाराजांनी १६६४ साली जिथं सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच पाण्यात. पावसाळ्यात वरून गोडं पाणी कोसळतं, नद्या गाळ आणून ओततात, सूर्य दिसत नाही. तरी ती वर्षानुवर्षं तग धरून आहेत. १९८७ साली तिथं सागरी अभयारण्य झालं. त्यांना पंप लागत नाही, मीठ लागत नाही, आणि खिडकीपाशी उभी राहणारी पोरगीही लागत नाही.

आता त्या अहोरात्र चालणाऱ्या पंपाचं. वीज या विषयावर मुळशीकरानं बोलू नये असं म्हणतात, कारण तो थांबत नाही. १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि इथले मावळे उभे राहिले. गावं आणि भातखाचरं पाण्याखाली जायची होती. सत्याग्रह झाला, तुरुंग झाले, धरण व्हायचं ते झालंच. १९२७ पासून मुळशीचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. बापटांना त्या लढ्यानं ‘सेनापती’ केलं. ज्यांची खाचरं बुडाली त्यांची नावं मात्र मुंबईतला दिवा लावताना कोणाच्या तोंडी येत नाहीत. मला उगाच ती लंडनची पोरगी आठवली.

हे सगळं मी भाच्याला त्याच्याच घरी ऐकवलं. त्यानं हिशेबाचा कागद पुढं ओढला. “पाण्याचं मावशी बघतील,” तो म्हणाला. मावशी म्हणजे त्यांच्याकडं कामाला येणाऱ्या बाई. माहेर धरणाच्या वरच्या अंगाचं. त्या ओट्यापाशी होत्या.

“काय बघायचं, दादा?”

भाच्यानं समजावून सांगितलं. वीस लिटर पाणी, मीठ, ढवळणं, हातमोजे. मावशींनी हात पुसले आणि विचारलं, “समुद्र पाहायचाय ना? मग गाडी आहे की तुमच्याकडं.”

भाचा गप्प. मी त्यांना सांगितलं, की तुमच्या माहेरचं पाणी भिऱ्याहून कुंडलिकेतून रेवदंड्याला समुद्रात पोचतं. त्यांना ते पटलं नाही. मुळा पुण्याकडं जाते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. “आणि तुम्ही समुद्र पाहिलाय का?” त्यावर त्या हसल्या, सुट्टी मिळाली तर ना.

पेटीचा बेत सध्या कागदावर आहे. पाऊस सरून पाणी निवळलं म्हणजे मालवणला जायचं, असं मात्र ठरतंय. गाडीत पाच माणसं बसतात, आम्ही चौघं आहोत. पाचव्या जागेसाठी भाच्यानं परवा मावशींची सुट्टी मंजूर केली, पगारी.