कोल्हापूरच्या बेंचचा पाया मराठवाड्यानं घातलाय

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं कामकाज सुरू झालं. आपल्या सहा जिल्ह्यांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. चाळीसेक वर्षं वकील मंडळी भांडत होती. पण हे सर्किट बेंच कायद्याच्या ज्या कलमावर उभं आहे ते टिकलं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. ती लढाई मराठवाड्यानं लढलेली आहे.

आधी आपलं बघू. कोल्हापूर संस्थानाला स्वतःचं हायकोर्ट होतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि अपिलाची वाट मुंबईकडं वळली. बांधाचा वाद असो, वाटणीचा दावा असो की फौजदारी अपील, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळायचं. बोर्ड संपेपर्यंत नंबर लागला नाही तर तसंच माघारी. वकिलाची फी वेगळी, राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. खाली हरल्यावर किती जणांनी "जाऊ दे, परवडत नाही" म्हणून अपीलच केलं नसेल, याची नोंद कुठल्या दप्तरात मिळणार?

मराठवाड्याची तऱ्हा तीच. १९५६ पर्यंत तिथली अपिलं हैदराबादला जायची. राज्य पुनर्रचनेनंतर ती मुंबईला जायला लागली. नागपूरला १९३६ पासून हायकोर्ट होतं, त्यामुळं तिथं निदान बेंच राहिलं. मराठवाड्याच्या हाती काहीच नाही. १९७८ मध्ये विधानसभेनं ठराव केला की औरंगाबादला आणि पुण्याला कायम खंडपीठ द्या. पण कायम खंडपीठ म्हणजे राष्ट्रपतींचा आदेश, म्हणजेच दिल्ली. आणि दिल्लीहून कागद हलेना.

मग मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी दुसरी वाट काढली. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये तिसरं पोटकलम आहे. राज्यपालांची मंजुरी घेऊन मुख्य न्यायमूर्ती न्यायाधीशांना दुसऱ्या ठिकाणी बसवू शकतात, असं ते सांगतं. राष्ट्रपतींचा संबंधच नाही. त्या आधारे २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला बेंच बसलं.

पुढचं खरं वाटणार नाही. चारच महिन्यांत, डिसेंबर १९८१ मध्ये, खुद्द मुंबई हायकोर्टानंच आपल्या मुख्य न्यायमूर्तींचा हा आदेश बेकायदा ठरवला! खंडपीठ हवं तर राष्ट्रपतींच्या दारातून या, मागच्या दारानं नको, असा त्याचा साधा अर्थ. तो निकाल कायम राहिला असता तर आज कोल्हापूरचा विषयच संपला होता. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८२ मध्ये तिथं निकाल फिरला. दोन्ही पोटकलमं स्वतंत्र आहेत, न्यायाधीश कुठं बसवायचे हे मुख्य न्यायमूर्ती ठरवू शकतात, असं सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. १९८४ मध्ये औरंगाबादचं बेंच कायम झालं.

१ ऑगस्ट २०२५ ला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी कोल्हापूरची अधिसूचना काढली ती याच तिसऱ्या पोटकलमाखाली. उद्घाटनाला सरन्यायाधीश भूषण गवई आले, भाषणं झाली, हार-तुरे झाले. श्रेय घ्यायलाही रांग लागली (ती कधी लागत नाही म्हणा!). त्या रांगेत १९८१-८२ ची आठवण काढणारे विरळाच.

आता थोडं कडू. आपलं बेंच अजून "सर्किट" आहे. राष्ट्रपतींच्या आदेशाचं कवच त्याला नाही. औरंगाबादला ते मिळायला तीन वर्षं लागली, आणि तेव्हाही तिथल्या लोकांनी पाठपुरावा सोडला नव्हता. आपल्याकडं मात्र उद्घाटन झालं की काम झालं असं समजायची खोड आहे. दुसरं म्हणजे, सहा जिल्ह्यांत रत्नागिरीही येते. खेड-मंडणगडच्या माणसाला मुंबई सोयीची, कोल्हापूरला यायचं तर घाट चढायचा. त्यांच्या अडचणीला "कोल्हापूरविरोध" म्हणून हिणवू नका. लांबच्या कोर्टाचा त्रास काय असतो हे आपल्याइतकं कुणाला माहीत?

आणि १९७८ च्या त्या ठरावातलं दुसरं नाव, पुणं. तिथं अजूनही बेंच नाही.