दोन रिंगा आणि एक उरलेला स्क्रू

परवाच्या वीकांताला गावी गेलो होतो, मामांकडे. वाईपासून थोडं आत. मामांकडे एक जुनी एअर रायफल आहे, नळी खाली दुमडून एकेक छर्रा भरायची. लहानपणीच्या माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या रायफलीमागे फिरण्यात गेल्या. मामा पडवीत बसून लिंबाला टांगलेले डबे टणाटण उडवायचे आणि आम्ही पोरं मोजायचो. या वेळी बघतो तर रायफल कपाटावर, वर बोटभर धूळ.

"मामा, हे काय? सोडलंत की काय?"

"दिसंना रं आता. डबा दिसतो तर खाच दिसत नाही, खाच दिसली तर डबा धुरकट. चष्मा लावून बघितला, काढून बघितला. जाऊ दे, वय झालं."

मामा हे इतक्या सहज म्हणाले की मलाच कसंतरी झालं. खरं तर चूक त्यांची नव्हती, भौतिकशास्त्राची होती. साध्या बंदुकीवर नेम धरताना मागची खाच, पुढची खुंटी आणि लांबचं लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. तरुण डोळा या तिघांत झटपट उड्या मारतो. चाळिशीनंतर त्या उड्या जमेनाशा होतात. दुर्बीण लावली की लक्ष्याची प्रतिमा आणि फुलीच्या तारा एकाच प्रतलात येतात, डोळ्याला एकच गोष्ट बघायची राहते. म्हणजे स्कोपचा मोठा फायदा 'जवळ दिसणं' हा नाहीच, 'एकत्र दिसणं' हा आहे!

मग काय, पुण्यात येऊन स्वस्तातली एक चार पटीची दुर्बीण घेतली, सोबत रिंगांची जोडी. सगळं मिळून साडेतीन हजार. पहिलं मत सांगायचं तर दुर्बीण अपेक्षेपेक्षा बरी निघाली. मधोमध स्वच्छ, कडेला जरा पुसट, बटणं फिरवली की 'कट कट' ऐवजी 'मच मच'. रिंगा मात्र अगदीच यथातथा. धारदार कडा, ॲलन की दोनदा फिरवली की स्क्रूचं डोकं गुळगुळीत. सगळं बसवून झाल्यावर पाकिटात एक बारका, बिनडोक्याचा स्क्रू उरला. एक्स्ट्रा असेल म्हणून डब्यात टाकला. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

पुढच्या शनिवारी गाव. पंधरा मीटरवर पुठ्ठा लावला. पहिले पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ. मामा खूश! पुढचे पाच दोन बोटं वर. त्यानंतरचे पाच डावीकडे. मी बटणं फिरवतोय, छर्रे आपले भटकताहेत. तासाभराने मामांनी शांतपणे रायफल भिंतीला टेकवली. "माझाच हात हलतोय बहुतेक," म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

परत येताना बसमध्ये मी त्या दुर्बीण बनवणाऱ्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आणि मग, कुठलाही इंजिनिअर करतो तेच केलं. डीबगिंग सोडून इतिहास वाचत बसलो. :-)

दुर्बीण १६०८ ची. हॉलंडमध्ये हान्स लिपरशेने पेटंट मागितलं आणि वर्षभरात गॅलिलिओने ती आकाशाकडे वळवली. पण गॅलिलिओच्या दुर्बिणीत फुली बसवायला जागाच नव्हती, कारण तिच्या आत प्रत्यक्ष प्रतिमा तयार होत नाही. केप्लरने १६११ मध्ये दोन्हीकडे बहिर्गोल भिंगं असलेली रचना मांडली. त्यात प्रतिमा आतच तयार होते, उलटी का होईना. विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक इंग्रज तरुण १६४० च्या आसपास अशीच दुर्बीण घेऊन बसला होता. कथा अशी की आत कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्याचा एक धागा नेमका त्या प्रतिमेच्या प्रतलात आला. गॅस्कॉइनला प्रतिमा आणि धागा दोन्ही एकदम, सुस्पष्ट दिसले. क्रॉसहेअरचा जन्म हा असा! बिचारा १६४४ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात मारला गेला.

म्हणजे बघा, चारशे वर्षांपूर्वीच काच आली आणि फुलीही आली. तरी बंदुकीवर चालेल अशी दुर्बीण यायला आणखी दोनशे वर्षं का लागली? कारण प्रश्न बघण्याचा नव्हताच, पकडण्याचा होता. खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण तिवईवर निवांत बसते. बंदुकीवरच्या दुर्बिणीला प्रत्येक बाराला हातोडा बसतो, आणि तरीही तिने केसभर हलायचं नाही.

अमेरिकेत जॉन चॅपमन या सिव्हिल इंजिनिअरने १८४४ मध्ये रायफलींवर पुस्तक लिहिलं, त्यात दुर्बिणीच्या रचनेचंही वर्णन होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा बंदूक कारागीर मॉर्गन जेम्स त्या बनवायचा. १८५५ पासून सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कमने चांगली, रंग न फाकणारी भिंगं वापरायला सुरुवात केली. या दुर्बिणी म्हणजे जवळजवळ नळीच्या लांबीचे बारीक पाइप. गंमत म्हणजे नेम वर-खाली करायचा स्क्रू दुर्बिणीत नसायचा, तो असायचा माउंटमध्ये. अख्खी दुर्बीणच तिरकी करायची! म्हणजे आपण आज ज्याला 'नुसत्या रिंगा' म्हणतो तेच खरं यंत्र होतं, आणि दुर्बीण म्हणजे त्यात ठेवलेली काच.

याच काळात एक धागा आपल्याकडे येतो. बॉम्बे आर्मीतले लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन यांनीही रायफलीवरची दुर्बीण तयार केली. त्यांची रचना व्हिटवर्थ रायफलींवर, वर नाही तर डाव्या बाजूला बसवली गेली, आणि त्यातल्या काही रायफली अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या हाती पोचल्या. मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी आणि व्हर्जिनियातली लढाई, आहे की नाही मजा?

१९१० च्या सुमाराला विंचेस्टर कंपनीची ए-५ दुर्बीण आली. पुढे अमेरिकन मरीन्सनी पहिल्या महायुद्धात ती वापरली. तिच्या कर्त्यांनी धक्क्याशी भांडण केलंच नाही. बार उडाला की रायफल मागे येते आणि दुर्बीण जडत्वामुळे रिंगांमध्ये पुढे सरकते. सरकू दे! नेमबाजाने पुढच्या बाराआधी हाताने ती मागे ओढायची. आमच्या भाषेत याला 'नोन इश्यू, वर्कअराउंड उपलब्ध' म्हणतात.

खरी फजिती झाली ती १९१४ नंतर खंदकांमध्ये. ब्रिटिशांनी घाईघाईत दुर्बिणी बसवल्या त्या बऱ्याचदा डाव्या बाजूला, म्हणजे वरून पाच-पाच काडतुसांची पट्टी भरता येईल. तर्कशुद्ध निर्णय. पण खंदकातून नेम धरायचा तो पोलादी पत्र्यातल्या अरुंद भोकातून. नळी भोकात आणि बाजूच्या दुर्बिणीसमोर पत्रा! मेजर हेस्केथ-प्रिचर्ड हा शिकारी, लेखक आणि हॅम्पशायरकडून क्रिकेट खेळलेला गोलंदाज तिथे होता. तो तुकड्यातुकड्यांमधल्या दुर्बिणीवाल्या रायफली तपासत फिरला, तर बहुतेकांचा नेम सुटलेला. भिंगं उत्तम होती. माउंट ढिले झाले होते, धक्के खाल्ले होते, आणि ज्यांच्या हाती ते दिले त्यांना नेम कसा जुळवायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं. सैनिकांना वाटत होतं आपलाच हात चुकतोय.

हे वाचलं आणि मी थांबलो. मामांचं वाक्य आठवलं.

तरी पुढचं थोडक्यात सांगतो, कारण स्वस्त दुर्बिणीचा खरा नायक अजून यायचाय. बिल वीव्हर. १९३० मध्ये, पंचविशीतल्या या पोराने ३३० नावाची दुर्बीण काढली. बारीक पोलादी नळी, पावणेतीन पटीच्या आसपास मोठं दाखवणारी, आणि नेम जुळवायचे स्क्रू माउंटऐवजी नळीच्या आत. किंमत माउंटसकट १९ डॉलर. शिकारीचा शौक असलेल्या साध्या माणसाला परवडेल अशी. १९३३ मध्ये तो टेक्सासमधल्या एल पासोला गेला आणि तिथे कारखाना वाढवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला स्नायपर रायफल तातडीने हवी होती, तेव्हा १९०३-ए-४ वर चढली ती हीच बाजारातली दुर्बीण, फक्त नाव बदलून एम-७३-बी-१. आत ओल शिरून धुकं धरायची अशी तिची तक्रार होती. पण चालली.

ब्रिटिशांनी त्याच युद्धात उलटी वाट धरली. त्यांच्या नंबर ४ (टी) रायफलीवरची नंबर ३२ दुर्बीण फक्त तीन पटीची. हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीने वीस हजारांहून अधिक रायफलींवर तिचे माउंट एकेक करून हाताने जुळवले. दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला, रायफलीचा नंबर माउंटवर. ही जोडी तोडायची नाही. पहिल्या युद्धातला धडा त्यांनी असा गिरवला.

आणि शेवटी आमच्या धंद्याचा आवडता उपाय आला, स्टँडर्ड. वीव्हरचीच आडव्या खाचांची पट्टी घेऊन अमेरिकन सैन्याने १९९५ मध्ये पिकाटिनी रेल ठरवली. खाच ५.२३ मिमी रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांतलं अंतर १०.०१ मिमी, सगळीकडे तेच. रिंगेतली आडवी दांडी खाचेत अडकली की दुर्बीण पट्टीवर मागे-पुढे घसरू शकत नाही. इंटरफेस पक्का केला की कुणाचीही दुर्बीण कुणाच्याही रायफलीवर!

आता मामांची रायफल. तिच्यावर अशा खाचा नाहीत, नुसती ११ मिलिमीटरची गुळगुळीत घसरपट्टी आहे. आणि स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का दुहेरी असतो. दट्ट्या पुढे सुटला की रायफल मागे येते, दट्ट्या टोकाला थडकला की ती झटक्यात पुढे जाते. त्या पुढच्या झटक्याला दुर्बीण मागेच राहते, म्हणजे दर बाराला केसभर मागे सरकते. तिला अडवायला मागच्या रिंगेत एक बारका, बिनडोक्याचा स्क्रू असतो, आणि तो बसायला पट्टीवर एक छोटं भोक असतं.

होय. तोच स्क्रू. डब्यातला. :-(

गेल्या शनिवारी परत गेलो. पट्टीवरचं तेल रॉकेलच्या फडक्याने पुसलं, रिंगा उघडून पुन्हा बसवल्या, स्क्रू फुली-फुलीने थोडे थोडे आवळले आणि तो बारका स्क्रू भोकात उतरवला. मागच्या रिंगेला लागून पट्टीवर पेन्सिलची एक रेघ मारली. मामा लांबून बघत होते, जवळ यायला तयार नव्हते. "तूच मार," म्हणाले.

मी दहा मारले. सगळे एकाच जागी. रेघ आणि रिंग जागच्या जागी.

मग ते उठले. खुर्ची ओढली, दस्ता खांद्याला लावला, आणि बराच वेळ नुसते बघतच राहिले.

"मामा, काय झालं?"

"काही नाही रे. डब्यावरची अक्षरं वाचतोय."

टण्ण!

पाचात चार. पाचवा चुकला तेव्हा मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा मात्र माझा हां, तुझ्या स्क्रूचा नाही." चूक कुणाची ते आता नेमकं कळत होतं, आणि मला वाटतं त्यांना त्याचाच आनंद जास्त होता.