लिव्हर पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत: फोर-व्हील पिकअपचा ‘अ‍ॅक्सल डिस्कनेक्ट’ आणि केबलचा बदल

पाऊस झालेल्या रानात गाडी रुतते, ड्रायव्हर फोर-व्हीलचा लिव्हर टाकतो, आणि तरीही मागचीच चाकं चिखल उडवत बसतात. पुढची दोन्ही शांत. अशा वेळी शिव्या बहुतेक गिअरबॉक्सला पडतात, नाहीतर टायरला. काही गाड्यांमध्ये खरा दोष असतो एका साध्या रबरी नळीत. ही नळी पुढच्या अ‍ॅक्सलवरच्या एका छोट्या डब्याला व्हॅक्यूम पुरवते आणि तो डबा पुढची चाकं जोडतो-सोडतो. यालाच अ‍ॅक्सल डिस्कनेक्ट म्हणतात. तो काढून तिथे हाताने ओढायची केबल बसवण्याचा बदल जगभर फोर-व्हीलवाले करतात. तो काय आहे, कधी करावा आणि करताना कुठे घोळ होतो, ते इथे देतोय.

ही व्यवस्था सगळ्यात जास्त गाजली ती अमेरिकन गाड्यांत. १९९४ ते २००१ ची डॉज रॅम पिकअप, १९८७ ते १९९५ ची जीप रँगलर, आणि सुरुवातीच्या वर्षांतली जीप चेरोकी. उदाहरण म्हणून डॉज रॅमच घेऊ.

आधी, सोडायची गरजच काय?

गाडी टू-व्हीलवर डांबरी रस्त्याने चालली असली तरी पुढची चाकं जमिनीवर फिरतातच. ती फिरली की त्यांचे शाफ्ट फिरतात, शाफ्टमुळे डिफरन्शियल, आणि डिफरन्शियलमुळे पुढचा प्रोपेलर शाफ्ट. काम काही नाही, नुसती फुकटची फिरवाफिरवी. बेअरिंग झिजतं, आवाज येतो, थोडं इंधनही जातं.

यावर पहिला नामी उपाय निघाला फ्री-व्हील हबचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या जीपा स्वस्तात विकल्या गेल्या. त्या रोज रस्त्यावर वापरता याव्यात म्हणून आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये असे हब विकायला सुरुवात केली. चाकाच्या मध्यावरचं बटण फिरवलं की चाक शाफ्टपासून मोकळं. आपल्याकडे महिंद्राने १९४७ मध्ये विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, त्या घराण्यातल्या जुन्या जीपांवर हे हब अजून दिसतात. यात पुढचं सगळंच थांबतं, म्हणून तांत्रिकदृष्ट्या हा उपाय मला आजही सर्वात चोख वाटतो. अडचण एकच, चिखलात उतरून दोन्ही चाकांपाशी वाकावं लागतं.

हे उतरणं टाळायला कंपन्यांनी डिस्कनेक्ट आणला. रॅममध्ये डिफरन्शियल ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे असतो (तिथे स्टिअरिंग डावीकडे). उजव्या चाकाकडे जाणारा लांब शाफ्ट दोन तुकड्यांत आहे. मधे एक दातेरी कॉलर. एक फोर्क ती सरकवतो. कॉलर दोन्ही तुकड्यांवर आली की शाफ्ट अखंड, एका तुकड्यावर गेली की सुटा.

आता प्रश्न पडतो, एकच बाजू सोडून कसं भागतं? डावं चाक तर जोडलेलंच आहे! डावं चाक आपला शाफ्ट फिरवतं, पण उजवीकडचा आतला तुकडा मोकळा असल्यामुळे डिफरन्शियलमधले छोटे गिअर त्याला उलट्या दिशेने फिरवतात आणि मोठी क्राउन जागेवर राहते. क्राउन थांबली की प्रोपेलर शाफ्टही थांबला. युक्ती खरंच सुंदर आहे.

पण याच युक्तीत घात दडलाय. ट्रान्स्फर केसने पुढे ताकद पाठवली आणि कॉलर सरकलीच नाही, तर सगळी ताकद त्या मोकळ्या तुकड्यात फिरून वाया जाते. डावं चाक व्यवस्थित जोडलेलं असूनही ओढत नाही, कारण साधा डिफरन्शियल जिकडे मोकळं सापडेल तिकडे फिरतो. म्हणजे अर्धं बिघडलं की पुढचं अख्खं गेलं.

नळी, स्विच आणि डबा

लिव्हर टाकला की ट्रान्स्फर केसवरचा स्विच व्हॅक्यूमची दिशा बदलतो. डब्याला दोन नळ्या, एक जोडायला आणि एक सोडायला. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम इंजिनच्या इनटेकमधून मिळतो. रॅमच्या कमिन्स डिझेलला मात्र वेगळा पंप आहे, कारण डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम तयार होत नाही. नळ्या इंजिनच्या उष्णतेजवळून आणि खालून चिखल-दगडातून जातात. वीस-पंचवीस वर्षांत रबर तडकणारच. डब्यातला पडदाही फाटतो.

शेव्हर्ले एस-१० ब्लेझरमध्ये याहून गमतीचा प्रकार व्हायचा. ट्रान्स्फर केसवरचा स्विच गळका झाला की व्हॅक्यूम ट्रान्स्फर केसचं तेलच वर ओढायचा आणि नळ्यांमध्ये भरायचा. मेकॅनिक डबा बदलून थकायचे, दोष भलतीकडेच. त्याच कंपनीच्या मोठ्या पिकअपला १९८८ पासून विजेने तापून दांडा पुढे ढकलणारा अ‍ॅक्चुएटर होता. थंडीत तो तापेपर्यंत वाट बघावी लागायची. पुढे त्याच्या जागी छोट्या मोटरवाला आला.

तपासायचं कसं

नवीन सामान मागवण्याआधी हे करा. सपाट जागा घ्या. इंजिन चालू असताना फोर-व्हील टाका, गाडी हातभर पुढे-मागे करा म्हणजे कॉलरचे दात जुळतील. मग इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. आता फक्त पुढचं उजवं चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. अडलं तर कॉलर जोडलेली आहे. सहज फिरलं तर नाही. चाक उचललेलं असताना इंजिन अजिबात सुरू करू नका. मागची चाकं जमिनीवर आहेत, गाडी जॅकवरून उडी मारेल.

डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवाही बघा. या गाड्यांत दिव्याचा स्विच लिव्हरवर नसून अ‍ॅक्सलवरच्या डब्याजवळ असतो. म्हणजे लिव्हर टाकूनही दिवा लागला नाही, तर ‘बल्ब गेला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तो दिवा खरं तेच सांगत असतो.

दोष नळीत निघाला आणि गाडी वर्षातून दोन-चारदाच चिखलात जाते, तर नळ्या बदला आणि विषय संपवा. उगाच केबल घालत बसू नका. ज्याचं रोज ओढ्यातून, रानातून जाणं आहे त्याने केबलचा विचार करावा.

केबल बसवताना

अमेरिकेत ‘पोझी-लॉक’ नावाने यासाठी तयार किट मिळतं. त्यात व्हॅक्यूमच्या डब्याऐवजी नवीन झाकण, त्यात फोर्क, आणि केबिनमध्ये येणारी केबल व मूठ असते. जुना डबा चार बोल्टवर असतो. तो काढला की थोडं तेल बाहेर येतं, खाली भांडं ठेवा. जुनी पॅकिंग खरवडून काढा. नवीन झाकण बसवताना फोर्क कॉलरच्या खाचेतच बसला पाहिजे. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. फोर्क खाचेबाहेर राहिला तर बोल्ट आवळले जातात, केबलही हलते, पण कॉलर जागची हलत नाही. म्हणून तेल भरण्याआधी मूठ ओढून वरची जॅकवाली तपासणी पुन्हा करा.

केबल सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या. तीव्र वळण देऊ नका. अ‍ॅक्सल खड्ड्यात वर-खाली होतो आणि बॉडी वेगळी हलते, त्यामुळे मधे पुरेसा ढील हवा, नाहीतर एखाद्या मोठ्या खड्ड्यात केबल ताणून कॉलर आपोआप सुटेल. सुट्या झालेल्या व्हॅक्यूम नळ्यांची तोंडं बंद करा. उघडी ठेवली तर गळतीमुळे त्याच व्हॅक्यूमवर चालणारी हीटरची झाकणं वगैरे बिघडतात. ट्रान्स्फर केसवरचा स्विच मात्र काढू नका, त्याने तिथलं भोक बंद केलेलं आहे. दिव्याचा स्विच नव्या झाकणात बसतो का, हे किट घेण्याआधीच विचारा.

वापरायची पद्धत थोडी बदलते. गाडी थांबवा, ट्रान्स्फर केसचा लिव्हर टाका, मग मूठ ओढा. मूठ अर्ध्यात अडकली तर जोर लावू नका, गाडी जरा सरकवा, दात जुळले की ती आपसूक बसते. केबलमुळे एक जादा सोय मिळते: लो रेंज टाकून पुढचं सुटं ठेवता येतं. जड ट्रॉली कोरड्या जागेत हळू मागे घ्यायला हे फार उपयोगी, कारण फोर-व्हीलमध्ये कोरड्या रस्त्यावर वळण घेतलं की पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर जुळत नाही आणि सगळी यंत्रणा आवळली जाते. फक्त त्या वेळी लो रेंजचा सगळा ताण एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर आहे हे ध्यानात ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा.

काही जण याहून पुढे जाऊन दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून अखंड शाफ्ट घालतात आणि डब्याच्या जागी पत्र्याचं झाकण लावतात. मजबूत काम आहे, बिघडायला काही उरत नाही. पण मग पुढचं सगळं कायम फिरत राहतं, आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असेल तर तोवर न जाणवलेली थरथर वेग घेतल्यावर स्टिअरिंगला येते. दगडधोंड्यात स्पर्धेची गाडी चालवणाऱ्याला हे परवडतं, रोज तालुक्याला ये-जा करणाऱ्याला नाही. फोर्क जोडलेल्या अवस्थेत पाचर मारून ठेवायचा जुगाडही चालतो, तो मात्र अडल्या वेळी घरी पोचण्यापुरताच.

आपल्या फोर-व्हील ट्रॅक्टरचा यात गोंधळ करू नका. तिथे लिव्हर पुढच्या अ‍ॅक्सलला जाणारी ताकद गिअरबॉक्सकडेच तोडतो. डांबरी रस्त्यावर लिव्हर काढून चालवा एवढं तिथे पुरे.

केबल बसवलेल्यांनी महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, मूठ ओढून सोडावी. पावसाळ्यात पाणी शिरून आतली तार गंजली तर ती नेमकी रुतल्यावर हलत नाही. झाकणाभोवती तेलाचा ओलावा दिसतो का तेही त्याच वेळी बघून घ्या.