बालतंत्रिका शस्त्रक्रिया : रुग्णालयीन शिक्षण

अर्भके व बालके यांचा मेंदू, मेरुरज्जू आणि त्यांवरील आवरणे यांच्या विकारांवर शस्त्रक्रियेने उपचार करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेस बालतंत्रिका शस्त्रक्रिया म्हणतात. जलशीर्ष (मेंदूतील पोकळ्यांत मस्तिष्क-मेरुद्रव साचून डोके मोठे होणे), पृष्ठवंशाची जन्मजात फट, कवटीच्या शिवणी अकाली सांधल्या जाणे, मेंदूतील अर्बुदे व डोक्याच्या इजा हे तिचे प्रमुख विषय होत. वैद्यकाच्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला पुढे अशी शस्त्रक्रिया स्वतः करावयाची नसते. तथापि हे विकार प्रथम त्याच्याच नजरेस पडतात आणि ते किती लवकर ओळखले जातात यावर बालकाची दृष्टी, बुद्धी व चालण्याची शक्ती बव्हंशी अवलंबून असते. या विषयाच्या रुग्णालयीन शिक्षणाचे महत्त्व त्यात आहे.

पूर्वपीठिका : रुग्णावर हात चालविण्यापूर्वी अन्य वस्तूंवर सराव करावा, हा विचार भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ या नवव्या अध्यायात छेदनाचा सराव भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, वेधनाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, तर पट्टबंधनाचा वस्त्रादिकांच्या मनुष्याकृतीवर करण्यास सांगितले आहे. सर्व शास्त्रे पढलेल्या शिष्यानेही ‘योग्या’ म्हणजे सराव केल्याशिवाय कर्मास हात घालू नये, असा त्याचा आशय आहे.

रुग्णशय्येजवळ शिकविण्याची आधुनिक यूरोपीय पद्धती हेर्मान बूरहाव्हे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लायडन येथे रूढ केली. त्यांच्याकडे या कामासाठी अवघ्या बारा खाटा होत्या. तेथून ही पद्धती एडिंबरो व व्हिएन्ना येथे गेली. पॅरिसमध्ये प्येअर लूई यांनी तिला रुग्णांच्या नोंदी व मोजणी यांची जोड दिली.

बालकांच्या तंत्रिका शस्त्रक्रियेला स्वतंत्र स्थान मिळाले ते मात्र विसाव्या शतकात. हार्व्ही कुशिंग यांचे शिष्य फ्रँक इंग्रॅहम यांनी १९२९ मध्ये बॉस्टन येथील बालरुग्णालयात असा पहिला विभाग सुरू केला. त्यांनी डॉनल्ड मॅटसन यांच्यासह १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला. जलशीर्षावरील खात्रीचा उपचार १९४९ नंतर हाती आला. त्या वर्षी फ्रँक नल्सन व यूजीन स्पिट्झ यांनी साचलेला द्रव एका दिशेनेच वाहून नेणारी झडप प्रथम बसविली. पुढे १९५६ मध्ये जॉन हॉल्टर या यंत्रकाराने जलशीर्ष झालेल्या आपल्या मुलासाठी सिलिकोनची झडप तयार केली आणि तिचा प्रसार जगभर झाला. १९७१ मध्ये संगणकीय छेदचित्रणाचा प्रथम वापर झाल्यावर मेंदूच्या पोकळ्या सुईविना पाहता येऊ लागल्या.

महाराष्ट्रातील वाटचाल : मुंबईत १८२६ साली जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली, ती १८३२ मध्ये बंद करण्यात आली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व त्यालगत सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय उघडण्यात आले. पहिले प्राचार्य चार्ल्‌स मोरहेड हे एडिंबरो येथे शिकलेले व पॅरिसला लूई यांच्या हाताखाली राहिलेले होते. महाविद्यालय व रुग्णालय यांची सांगड हा त्यांच्या योजनेचा पाया होता. विद्यार्थ्याने रुग्ण पाहावा, त्याचे वृत्त लिहावे व शेवटपर्यंत त्याचा मागोवा घ्यावा, यावर त्यांचा कटाक्ष असे. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. शिक्षणाची भाषा इंग्रजी व रुग्णाची मराठी, गुजराती किंवा हिंदुस्थानी, हे द्वैत या शिक्षणात आरंभापासून राहिले.

पुण्यास १८७८ मध्ये बी. जे. वैद्यकीय शाळा निघाली. १९४६ मध्ये तिचे महाविद्यालयात रूपांतर झाले. मुंबईत परळ येथे १९२६ मध्ये सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय यांचे उद्‌घाटन झाले. तेथील अध्यापक भारतीय असावेत, अशी देणगीदारांची अट होती. परळमध्येच १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उघडले. बालरोग व शस्त्रक्रिया या दोहोंचे शिक्षण एकाच परिसरात मिळण्याची सोय त्यामुळे झाली.

भारतात तंत्रिका शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे व त्यापाठोपाठ १९५० मध्ये बी. राममूर्ती यांनी मद्रास येथे सुरू केला. १९५१ मध्ये भारतीय तंत्रिकावैज्ञानिक संस्था स्थापन झाली. याच दशकात मुंबईत राम गिंडे व होमी दस्तूर यांनी या शाखेची पायाभरणी केली. दस्तूर यांचे कार्य के. ई. एम. रुग्णालयात झाले. पुढील पिढीत सनत भगवती यांनी बालकांच्या विकारांकडे विशेष लक्ष पुरविले. चंद्रशेखर देवपुजारी यांनी अंतर्दर्शकाच्या साहाय्याने करावयाच्या शस्त्रक्रियेच्या प्रसाराला हातभार लावला. के. ई. एम.मधील तंत्रिका शल्यचिकित्सक सुनील पंड्या यांनी ग्रँट महाविद्यालयाचा सविस्तर इतिहास लिहिला. मोरहेड यांच्या अध्यापनाचे मोल आजच्या वाचकास कळते त्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

अध्यापनाचे स्वरूप : एम. बी. बी. एस. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यानुसार पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याची रुग्णाशी ओळख करून दिली जाते. जलशीर्ष व पृष्ठवंशाची फट यांचा समावेश बालरोगशास्त्रात, तर डोक्याच्या इजांचा शल्यतंत्रात होतो. बालतंत्रिका शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र पाळी नाही. आंतरवासितेच्या २०२१ च्या नियमांत सामाजिक वैद्यकास बारा, तर बालरोगशास्त्रास तीन आठवडे दिले आहेत. म्हणून या अल्पावधीत नेमके काय दाखवावे, हा निवडीचा प्रश्न अध्यापकापुढे असतो.

यातील पहिला धडा मोजपट्टीचा आहे. पूर्ण दिवसांच्या नवजात अर्भकाच्या डोक्याचा घेर सु. ३४ ते ३५ सेंमी. असतो. पहिले तीन महिने तो दरमहा सु. २ सेंमी., पुढील तीन महिने सु. १ सेंमी. व त्यानंतरचे सहा महिने सु. अर्धा सेंमी. वाढतो, म्हणजे वर्षभरात एकूण वाढ सु. १२ सेंमी. होते. एका मापापेक्षा लागोपाठच्या मापांचा आलेख अधिक बोलका असतो. टाळू फुगीर व ताणलेली राहणे, डोक्यावरील शिरा उठून दिसणे, बुबुळे मावळत्या सूर्याप्रमाणे खाली झुकणे, वारंवार उलट्या व सुस्ती ही लक्षणे विद्यार्थ्याने चित्रात पाहून भागत नाही. ती बालकावर पाहावी व हाताने अजमावावी लागतात. टाळूची परीक्षा मूल शांत असताना व बसते धरून करावी, कारण रडताना निरोगी बालकाचीही टाळू ताणली जाते. भारतात क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ हे जलशीर्षाचे एक महत्त्वाचे कारण असल्याने घरातील क्षयाची विचारपूस हाही या तपासणीचा भाग ठरतो.

दुसरा धडा पाठ तपासण्याचा होय. कमरेच्या मध्यरेषेवरील केसांचा झुबका, खळगा किंवा मऊ गाठ यांखाली पृष्ठवंशाची झाकलेली फट असू शकते. तिसरा धडा प्रतिबंधाचा. आधीच्या अपत्यास असा दोष असलेल्या मातांना फॉलिक अम्ल दिल्यास तो पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण सु. ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसून आले. हे औषध गर्भधारणेपूर्वी सुरू करावे लागते, कारण तंत्रिकानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आतच मिटते.

चौथा धडा पाठपुराव्याचा होय. झडप बसविली म्हणजे उपचार संपला असे होत नाही. नळी तुंबू शकते किंवा तीत जंतुसंसर्ग होऊ शकतो. अशा बालकास ताप, उलट्या वा डोकेदुखी झाल्यास प्रथम झडपेचा संशय घ्यावा, हे गावच्या डॉक्टरास ठाऊक असणे अगत्याचे आहे. झडपेची किंमतही भारतीय शल्यचिकित्सकांनी आटोक्यात आणली. दिल्लीचे पुरुषोत्तम उपाध्याय व लखनौचे देवेंद्रकुमार छाब्रा यांनी स्वस्त देशी झडपा तयार केल्या. यूगांडात बेंजामिन वॉर्फ यांनी सु. ३५ डॉलरची छाब्रा झडप व सु. ६५० डॉलरची परदेशी झडप यांची तुलना केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

ग्रामीण भागाचा प्रश्न : कोकणात ही साखळी फार लांबते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाजवळ दापोली तालुक्यात समुद्रकाठी असलेल्या केळशीसारख्या गावातील बालक प्रथम आशा कार्यकर्ती वा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांना दिसते. तेथून ते तालुक्याच्या व जिल्ह्याच्या रुग्णालयात आणि शेवटी बहुधा मुंबईस जाते. खाडी व घाटवळणांच्या या प्रवासात कुटुंबाची मजुरी व उमेद दोन्ही खर्च होतात. लेकराला तेल लावताना आजीला टाळू उचललेली वाटते, ती शंका डॉक्टरने मोजपट्टीने पडताळली तर यातील कित्येक आठवडे वाचू शकतात.

या दृष्टीने अलीकडील काही घटना महत्त्वाच्या आहेत. नवजात बालकांतील जन्मजात दोषांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झाला. तंत्रिकानलिकेचे दोष त्याच्या यादीत आहेत. डेरवण (ता. चिपळूण) येथे २०१५ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यानंतर २०२१ मध्ये अलिबाग व सिंधुदुर्ग आणि २०२३ मध्ये रत्नागिरी येथे शासकीय महाविद्यालये सुरू झाली. मुंबईत १८४५ मध्ये आरंभलेले रुग्णशय्येजवळचे शिक्षण अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांनी दक्षिण कोकणच्या रुग्णाजवळ पोहोचले.

बालकांच्या मेंदूवरील शस्त्रक्रिया मोजक्या मोठ्या केंद्रांतच एकवटणे अपरिहार्य आहे. कारण कौशल्य संख्येने येते व साधने महाग असतात. शल्यचिकित्सकाचे प्रशिक्षणही त्यामुळे तेथेच व्हावयाचे. तो एम. सीएच. पदवी मिळवितो, त्यानंतर बालकांच्या विकारांचा विशेष अनुभव घेतो आणि आता प्रतिकृती व सदृशीकरण यांवर सरावही करतो. सुश्रुतांच्या ‘योग्ये’चेच हे नवे रूप म्हणता येईल. निदानाचे शिक्षण मात्र असे एकवटून चालत नाही. मोजपट्टी, बोटांचा स्पर्श आणि मातेचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय यांना यंत्रसामग्री लागत नाही. ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडणे हेच या शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट होय.