मेणाचें चिलखत



पुण्याहून मुंबईच्या वाटेला लागलें, खडकी आणि दापोडी मागें टाकली, कीं पिंपरी येते. आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण हीं नांवें उच्चारलीं कीं मोटारी आणि यंत्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. पण या उद्योगनगरीच्या आरंभींच्या दिवसांत पिंपरीचें नांव सर्वतोमुखीं झालें तें औषधामुळें. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ सालीं येथें स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीं तिला साहाय्य केलें, आणि १९५५ सालीं तिच्या कारखान्यांत पेनिसिलीन तयार होऊं लागलें.

आमचें घर या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतें. १९५७ सालीं माझ्या धाकट्या काकांना क्षय झाला. माझा जन्म त्यानंतरचा; पण आजीनें त्या वेळीं डॉक्टरांना विचारलेला प्रश्न आमच्या घरांत पुढें कित्येक वर्षें निघत असे. "डॉक्टर, औषधाचा कारखाना आमच्या दाराशीं, मग तें औषध माझ्याच मुलाला कां चालत नाहीं?" डॉक्टर म्हणाले, "बाई, त्या जंतूला पेनिसिलीन लागू पडत नाहीं." एवढें उत्तर आजीला पुरलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पुरलें नाहीं. मी मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों; रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों. तें उत्तर म्हणजे एका चिलखताचा इतिहास आहे.

हा इतिहास रंगापासून सुरू होतो. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु विद्वानांच्या सभेपुढें मांडला. तोंवर तो दृष्टीस न पडण्याचें एक कारण असें, कीं हा जंतु सहजासहजीं रंग घेत नसे. त्याच वर्षीं पॉल एर्लिख यांना त्याचा दुसरा गुण आढळला. रंग एकदां आंत शिरला म्हणजे आम्लानें धुतलें तरी तो जात नाहीं. इतर बहुतेक जंतु मात्र धुतल्याबरोबर कोरे होतात. आजहि थुंकी तपासतांना निळ्या पार्श्वभूमीवर ज्या तांबड्या काड्या दिसतात, त्या याच गुणामुळें. या जंतूच्या अंगावर कांहीं तरी वेगळें आवरण असावें, असा तर्क त्यावरून निघाला.

परंतु शत्रु ओळखला म्हणजे तो जिंकला असें नव्हे. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें निवर्तल्या. त्यांचें वय अवघें २१ होतें, आणि कॉख यांच्या व्याख्यानाला पुरतीं पांच वर्षेंहि झालीं नव्हतीं.

त्या आवरणांतील मुख्य द्रव्य हातीं येण्यास १९३८ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत अँडरसन आणि त्यांचे सहकारी यांनीं जंतूच्या मेणांतून एक आम्ल वेगळें काढलें व त्याला मायकोलिक आम्ल असें नांव दिलें. आपल्या शेंगदाण्याच्या तेलांतील मुख्य स्निग्धाम्लांत कर्बाचे १८ अणु सांखळीनें जोडलेले असतात. मायकोलिक आम्लांत ते ६० पासून ९० पर्यंत असतात. अशा लांब सांखळ्या जंतूच्या भिंतीवर दाट रचलेल्या असल्यामुळें पाण्यांत विरघळणाऱ्या औषधांना आंत जाणें फार कठीण पडतें. पेनिसिलीनचें काम जंतूची भिंत बांधूं न देण्याचें. येथें एक तर तें मेण ओलांडून पुरेसें पोंचत नाहीं. आणि जें पोंचतें, तें हा जंतु आपल्या एका विकरानें मोडून टाकतो. विकर म्हणजे सजीवाच्या पेशींतील रासायनिक कारागीर, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे पुरे. आजीच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे.

काकांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालें होतें, पण तें परदेशांतून येणारें आणि महाग. १९४३ सालीं अमेरिकेंतील रटगर्स येथें सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शाट्झ यांनीं मातींतील सूक्ष्मजीवापासून तें शोधलें. तें मेणाच्या आंत शिरून जंतूचें प्रथिनें बनविणारें यंत्र बिघडवितें. तीन महिन्यांत काकांचा ताप उतरला, खोकला थांबला, वजन वाढलें. ते कामावर रुजू झाले आणि खर्चाला भिऊन इंजेक्शनें बंद केलीं. आठ महिन्यांनीं रोग उलटला, आणि या खेपेस तेंच औषध लागू पडेना. हें एकटें औषध दिल्यास त्याला न जुमानणारे जंतु शिल्लक राहून माजतात, हें १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगांत दिसून आलें होतें. १९५९ सालीं काका गेले.

१९६२ सालीं पिंपरीस स्ट्रेप्टोमायसिनहि तयार होऊं लागलें. १९७१ सालीं माझ्या आईला क्षय झाला, तेव्हां तिला तीन महिने त्याचीं इंजेक्शनें आणि दीड वर्ष आयसोनियाझिडच्या गोळ्या दुसऱ्या एका औषधाच्या जोडीनें दिल्या. या आयसोनियाझिडची कथा मोठी विलक्षण आहे. प्राग येथें १९१२ सालीं तें प्रथम बनलें आणि चाळीस वर्षें कोणी त्याकडे पाहिलें नाहीं. १९५२ सालीं तें क्षयावर रामबाण ठरलें. तें जंतूला कसें मारतें हें मात्र १९७० च्या सुमारास उमगूं लागलें. तें मायकोलिक आम्लच तयार होऊं देत नाहीं! जें चिलखत इतर औषधांना अडवितें, त्याच्या कारखान्यावरच हें औषध घाला घालतें. नेमकें कोणतें विकर बंद पडतें, तें १९९४ सालीं कळलें.

त्या कारखान्याची रचना आमच्या चाकणच्या कारखान्यांतील माणसाला लगेच समजेल. पेशींत एका विभागांत आंखूड सांखळ्या बनतात. दुसऱ्यांत त्यांतील कांहीं लांबविल्या जातात. तिसऱ्यांत लांब आणि आंखूड यांचा सांधा होतो. मग तयार माल ट्रेहॅलोज नांवाच्या शर्करेवर चढवितात आणि एक हमाल-प्रथिन तो पेशीच्या पडद्यापलीकडे नेतें. त्या हमालाची ओळख २०१२ च्या सुमारास पटली. बाहेर दुसरीं विकरें गवंड्याप्रमाणें तो माल भिंतींत बसवितात. यांतील एक विभाग जरी बंद पडला तरी भिंत उभी राहत नाहीं. म्हणूनच नव्या औषधांचा शोध या वाटेवर चालू आहे. हट्टी क्षयावरील डेलामानिड, आणि २०१९ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें प्रेटोमानिड, हीं दोन्ही मायकोलिक आम्लाच्या निर्मितींत अडथळा आणतात.

पण जंतूचीहि एक युक्ति आहे. आयसोनियाझिड स्वतः निष्क्रिय असतें. जंतूचेंच एक विकर त्याला जागें करतें. कोट्यवधि जंतूंत ज्या थोडक्यांचें तें विकर बिघडलेलें असतें, ते या गोळीला दाद देत नाहींत. म्हणून औषधें अनेक, एकत्र आणि पुरी मुदत घ्यावयाचीं.

आई पूर्ण बरी झाली आणि पुढें चाळीस वर्षें जगली. मात्र त्या इंजेक्शनांनीं तिच्या कानांत घणघण सुरू झाली ती राहिलीच, आणि डाव्या कानानें ऐकूं येणें बंद झालें. चिलखतामागें दडलेल्या शत्रूवर मारा करतांना आपल्याच माणसाला लागलेला तो घाव होता. आज नित्याच्या उपचारांत तें इंजेक्शन राहिलेलें नाहीं, आणि औषधांना दाद देणारा क्षय सामान्यतः सहा महिन्यांच्या गोळ्यांनीं बरा होतो. तरीहि जगांतील क्षयरुग्णांपैकीं सुमारें चतुर्थांश आपल्या देशांत आहेत. आमच्या या पट्ट्यांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून तरुण कामाला येतात, एकेका खोलींत चौघे-पांचजण राहतात. खोकला थांबला कीं पाळी चुकवून दवाखान्यांत जाणें त्यांच्या जिवावर येतें. माझ्या काकांच्याहि जिवावर आलें होतें.

आईच्या आजारांत आजीनें भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोजच्या गोळीची एक कोळशाची रेघ ओढली. आई दोनदां म्हणाली, "आतां मला बरें वाटतें आहे." आजी म्हणाली, "त्यालाहि असेंच बरें वाटलें होतें," आणि दीड वर्ष पुरें होईतों रेघ चुकूं दिली नाहीं. मायकोलिक आम्ल हा शब्द तिनें जन्मांत ऐकला नव्हता. आपल्या घरीं, शेजारीं किंवा कामावर कोणी हीं औषधें घेत असेल, तर त्याच्यासाठीं ती रेघ ओढणारें कोणी तरी असावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.