फेरारीचा रबरी पट्टा
इटलीतील मारानेल्लोच्या फेरारी कारखान्याने १९७३ पासून ३६५ जीटी४ बीबी या गाडीत बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले आणि झडपांची उघडझाप क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी जुळवून ठेवण्यासाठी साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, वापरला. रबर गाडी उभी असतानाही जुने होते आणि पट्टा तुटल्यास झडपा दट्ट्यांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते, म्हणून तो ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. १९८४ च्या टेस्टारोसात आणि १९९४ च्या एफ३५५ मध्ये एवढ्यासाठी अख्खे इंजिन बाहेर काढावे लागे, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग कुशल कारागिरांच्या श्रमाचा असे. दुरुस्ती करणाऱ्या हाताला जागाच न ठेवणे, ही त्या देखण्या रचनेतील खरी उणीव होय. २००४ च्या एफ४३० मध्ये पुन्हा साखळी आली.